पुराण, भाकडकथा आणि औंढ्याचे फिरलेले देऊळ

जिवंत धर्म कालांतराने पुराणकथांचा संग्रह होऊन उरतो, हे मत आता इतके रूढ झाले आहे की ते तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. ग्रीकांचे झ्यूस आणि अपोलो, इजिप्तचे ओसिरिस आणि आयसिस एके काळी उपास्य होते. आज ते वस्तुसंग्रहालयांत आणि कोशांत आहेत. काळ गेला, ज्ञान वाढले, विश्वास उडाला आणि धर्माची पुराणकथा झाली. आजच्या धर्मांचेही उद्या हेच होईल, असे यावरून अनुमान केले जाते. या अनुमानात विश्वास उडणे हे कारण आणि धर्माचे पुराणकथेत रूपांतर होणे हे कार्य मानलेले आहे. हा कार्यकारणसंबंध मराठी प्रदेशातील एका कथेच्या आधारे तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ही कथा हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथील आहे. तथापि तिच्याकडे वळण्यापूर्वी, ज्या ग्रीक उदाहरणावर हे अनुमान मुख्यतः उभे आहे, ते त्याला खरोखर आधार देते काय, हे पाहिले पाहिजे.

ग्रीकांच्या देवकथांवरचा आक्षेप ख्रिस्ती धर्माच्या आगमनाची वाट पाहत थांबला नव्हता. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात झेनोफेनीसने, माणसे आपल्याच रूपाचे देव कल्पितात, असे सांगून होमरच्या देवांची खिल्ली उडवली. प्लेटोने आपल्या आदर्श नगरीतून या कथा बव्हंशी हद्दपार केल्या. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसेनियस हा प्रवासी गावोगावची देवळे पाहत हिंडला. प्रारंभी या कथा आपल्याला मूर्खपणाच्या वाटत होत्या, पण आर्केडियात पोचल्यावर त्यांत जुन्या ज्ञात्यांनी कूटरूपाने काही सांगितले असावे असे वाटू लागले, हे त्याने स्वतःच नमूद केले आहे. या साऱ्या काळात यज्ञ, उत्सव, कौल आणि नवस अखंड चालू होते. इसवी सन 391-92 मध्ये सम्राट थिओडोसिअसने राजाज्ञा काढून यज्ञ आणि देवालयप्रवेश यांवर बंदी घातली. म्हणजे अविश्वास आठ-नऊ शतके जगूनही धर्म मेला नव्हता. ग्रीकांचा आपल्या दैवतकथांवर विश्वास होता काय, हा प्रश्न पॉल व्हेन या फ्रेंच इतिहासकाराने 1983 मध्ये एका ग्रंथाचा विषयच केला. एकच माणूस एकाच वेळी मानतो आणि मानत नाही, हे त्याला तेथे जागोजाग आढळले.

आपल्याकडील अनुभव याहून निराळा नाही. ‘पुराणातली वांगी पुराणात’ ही म्हण धर्मद्वेष्ट्यांनी रचलेली नव्हे. ती पुराण ऐकायला बसणाऱ्या समाजातच जन्मली. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या 1984 च्या ग्रंथात विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या दैवतात शोधले, आषाढीच्या वारीवर त्याचा काही परिणाम झाल्याचे दिसले नाही. कथेची चिकित्सा आणि देवाची उपासना ही दोन्ही आपल्या समाजात शेजारी नांदत आली आहेत.

मग धर्माची पुराणकथा होते तेव्हा नेमके काय घडते? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मराठीतील एक साधा शब्द उपयोगी पडतो. ज्या कथेत काही अर्थ उरला नाही तिला आपण ‘भाकडकथा’ म्हणतो. भाकड हे गाईचे विशेषण आहे. भाकड गाय खोटी नसते, मेलेलीही नसते. ती दूध देत नाही इतकेच. भाषेने येथे सत्य-असत्याची कसोटी न लावता फलाची कसोटी लावली आहे. ही कसोटी घेऊन औंढ्याला जावे.

औंढा नागनाथ हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानले जाते. ‘दारुकावनातील नागेश’ म्हणजे आपलाच देव, असा दावा गुजरातेत द्वारकेजवळील आणि उत्तराखंडात जागेश्वर येथील भाविकही करतात, हे प्रसिद्ध आहे. औंढ्याच्या मंदिराची घडण यादवकालीन आहे, शिखराचा वरचा भाग उत्तरकालीन बांधणीचा आहे आणि गावची श्रद्धा ते धर्मराजाने बांधले असे सांगते. नामदेवांचे (1270-1350) जन्मगाव मानले जाणारे कयाधूकाठचे नरसी याच जिल्ह्यात आहे. नामदेव देवळासमोर कीर्तन करीत असता जातीने शिंपी म्हणून त्यांना तेथून उठवण्यात आले. ते मागच्या बाजूस जाऊन गाऊ लागले आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले, अशी कथा आहे. देवळातील नंदीची जागा आजही या प्रसंगाची खूण म्हणून सांगितली जाते. विसोबा खेचरांनी पिंडीवर पाय ठेवले, नामदेवांनी ते उचलून जेथे जेथे ठेवावेत तेथे तेथे पिंड प्रकटली, हा प्रसंगही परंपरा याच देवळात घडला असे मानते.

लोकसाहित्याचा अभ्यासक या दोन्ही प्रसंगांना ‘कल्पनाबंध’ म्हणेल, आणि ते बरोबर आहे. गुरू नानकांच्या जन्मसाखीत मक्केचा प्रसंग आहे. तेथेही पाय जिकडे फिरवावेत तिकडे काबा फिरतो. परंतु कल्पनाबंध म्हणून नोंद केल्याने कथेचे काम संपत नाही. देऊळ फिरल्याचा हा प्रसंग स्थळाचे नाव न घेता गुरू ग्रंथसाहिबातही आला आहे. 1604 मध्ये गुरू अर्जनदेवांनी सिद्ध केलेल्या आदिग्रंथात नामदेवांची एकसष्ट पदे आहेत आणि त्यांतील भैरव रागातल्या पदांत देवाने दूध प्याल्याची व देऊळ फिरल्याची हकीकत आहे. हिंगोलीच्या शेजारच्याच नांदेडला 1708 मध्ये गुरू गोविंदसिंगांनी या ग्रंथाला गुरुपद दिले. तेव्हापासून औंढ्याची ही कथा एका धर्मात संतचरित्रातील चमत्कार आहे आणि दुसऱ्या धर्मात साक्षात गुरुवाणीचा भाग आहे. लंगरच्या पंगतीत जात न विचारता बसणाऱ्या माणसाला देऊळ खरोखर फिरले काय, हा प्रश्न विचारण्याचे प्रयोजन नाही. त्या कथेत जे मागितले आहे ते त्याच्या ताटात वाढलेले आहे.

मराठी प्रदेशात मात्र या कथेची वाटचाल वेगळी झाली. मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर भिंतीखाली सापडून चोखामेळा गेले. त्यांच्या अस्थी नामदेवांनीच पंढरपुरास आणून महाद्वारासमोर समाधी दिली, असे परंपरा सांगते. ज्याच्यासाठी देऊळ फिरले त्याला आपल्या सोबत्याची समाधी दाराबाहेर बांधावी लागली, आणि त्यानंतर सुमारे सहा शतके त्या दाराच्या आत चोखोबांच्या ज्ञातिबांधवांना पाऊल टाकता आले नाही. या सहा शतकांत देऊळ फिरल्याची कथा कोणी नाकारली होती असे नाही. ती कीर्तनात रंगवून सांगितली जात होती, ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावत होते आणि दार बंद होते. या कथेला भाकड केले ते तिच्यावर विश्वास ठेवणाऱ्यांनी.

नाशिकला काळाराम मंदिराच्या दारात 2 मार्च 1930 रोजी सत्याग्रह सुरू झाला तेव्हा त्या कथेची अक्षरशः परीक्षा झाली. सत्याग्रह काही वर्षे चालला. दार उघडले नाही. 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्याला डॉ. आंबेडकरांनी धर्मत्यागाची घोषणा केली. पंढरपूरचा प्रवेश मोकळा होण्यासाठी 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. पण ज्यांनी कथेकडून दुधाची अपेक्षा सोडली होती त्यांच्यासाठी हा उशीर फार मोठा होता. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पहिल्या प्रतिज्ञा ब्रह्मा-विष्णू-महेश, राम-कृष्ण आणि गौरी-गणपती यांना देव न मानण्याच्या आहेत. लाखो माणसांपुरता एक जिवंत धर्म त्या दिवशी पुराणकथा झाला. ग्रीसमध्ये सम्राटाच्या आज्ञेने जे घडले ते येथे वंचितांच्या स्वतःच्या निर्णयाने घडले. मराठवाड्यातील असंख्य कुटुंबांच्या भिंतीवरील तसबिरी त्यानंतर बदलल्या. याच डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या उगमावरील आपला 1948 चा ग्रंथ ज्या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला त्यांत चोखामेळा आहेत, ही गोष्ट विसरता येत नाही. देव सुटला; दाराबाहेरचा माणूस सुटला नाही.

या घटनेची दुसरी बाजू त्याच नाशिकात दिसते. शहरालगतच्या त्रिरश्मी डोंगरातील बौद्ध लेण्यांना लोक ‘पांडवलेणी’ म्हणत आले. ज्याचा कर्ता विस्मरणात गेला ते पांडवांच्या नावावर जमा करायचे, ही आपली जुनी रीत. औंढ्याचे देऊळ धर्मराजाचे ठरले तेही याच रीतीने. कार्ल्याच्या चैत्याशेजारी एकवीरा आली, लेण्याद्रीच्या विहारात गिरिजात्मज गणपती बसला, आणि बुद्ध विष्णूचा नववा अवतार होऊन पुराणात गेला. एक जिवंत धर्म पुराणकथा झाल्याचे याहून पूर्ण उदाहरण महाराष्ट्रात नाही. आणि तरीही तो परत आला. एकोणिसाव्या शतकात शिलालेखांचे वाचन झाले, लेण्यांचे खरे धनी कळले. पण केवळ त्या ज्ञानाने बुद्ध जिवंत झाला नाही. एका समाजाला आपल्या माणूसपणासाठी त्याची गरज पडली तेव्हा तो पुराणातून बाहेर आला. बुद्ध हा विष्णूचा अवतार नव्हे, असे प्रतिज्ञापूर्वक सांगूनच आला. भाकड गाय पुन्हा वेते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. धर्माकडून पुराणकथेकडे जाणारा रस्ता एकेरी आहे, हे गृहीत येथे टिकत नाही.

आता साहित्यविचाराकडे वळू. गेल्या काही दशकांत मराठी समीक्षेत ‘मिथक’ आणि ‘आदिबंध’ या संज्ञा रुळल्या. त्यांनी कवितेच्या आकलनाला खोली दिली, हे मान्य करावे लागेल. परंतु ही संज्ञा वापरणारा कोठे उभा आहे, हे आपण क्वचितच विचारतो. 1832 मध्ये जॉन विल्सन या मिशनऱ्याने मोरभट दांडेकरांना उत्तर देताना पुराणांची खोटी कथा म्हणून संभावना केली, तो राज्यकर्त्यांच्या बाजूचा बाहेरचा आवाज होता. 1873 मध्ये ‘गुलामगिरी’त जोतीराव फुल्यांनी दशावतारांतून जेत्यांचा इतिहास उकलला, तो त्या कथांचे ओझे वाहणाऱ्यांचा आतला आवाज होता. दोघेही पुराणाला प्रमाण मानत नाहीत, पण दोघांचे कार्य एक नाही. आपल्या परिचयाची एक उतरंड तर सरसकट आढळते : स्वतःचे ते दर्शन, दुसऱ्याचे ते मिथक आणि गावकुसाबाहेरचे ती अंधश्रद्धा. ही उतरंड समीक्षेच्या परिभाषेत नकळत शिरली, तर आपणही महाद्वारावरचे राखणदार ठरतो.

जिवंत धर्म पुराणकथा होतात काय, या प्रश्नाचे उत्तर म्हणून ‘होय’ म्हणावे लागते. पण कारण निराळे सांगावे लागते. कथा घडली की नाही या वादाने धर्म मरत नाही. कथेने दिलेले वचन तिच्याच माणसांनी मोडले, की ज्याला ते वचन दिले होते त्याच्यापुरती ती पुराणकथा होते. इतरांना हे कळायला काही पिढ्या जातात. औंढ्याचे देऊळ फिरले की नाही, याचा निवाडा वास्तुशास्त्राचा अभ्यासक एका दुपारी देईल. वारकरी परंपरेपुढचा प्रश्न त्याहून अवघड आहे. त्या देवळाच्या मागच्या बाजूला आज कोणाला उभे केले जाते, आणि त्याचे गाणे ऐकून आपण वळतो काय, याचे उत्तर तिलाच द्यावयाचे आहे.