खरेदी आदेशातील स्तंभजुळणी

स्तंभजुळणी म्हणजे खरेदीदाराने स्प्रेडशीटमध्ये आपल्या सोयीने मांडलेल्या स्तंभांचा खरेदी आदेशाच्या प्रमाणित रकान्यांशी संबंध निश्चित करण्याची प्रक्रिया होय. ती झाली म्हणजे मागणीची यादी पुन्हा टंकित न करता विक्रेत्याच्या संगणकप्रणालीत घेता येते. ही जुळणी शीर्षकांच्या साधर्म्यावर नव्हे, तर स्तंभातील माहितीच्या अर्थावर करावी लागते.

प्रमाणित रकाने

खरेदी आदेशाचे दोन भाग असतात. शीर्षभागात आदेश क्रमांक, दिनांक, खरेदीदार व विक्रेता येतात. ओळींच्या भागात प्रत्येक वस्तूची ओळख, परिमाण, एकक व दर येतात. संयुक्त राष्ट्रांच्या एडिफॅक्ट प्रणालीतील 'ऑर्डर्स' संदेश, अमेरिकेत रूढ असलेला एक्स१२ मालिकेतील ८५० क्रमांकाचा संदेश आणि यूबीएलमधील 'ऑर्डर' हे त्याचे प्रचलित नमुने आहेत. यूबीएलची २.१ ही आवृत्ती २०१५ साली आयएसओ/आयईसी १९८४५ या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय मानक झाली.

पुस्तकव्यवहारातील उदाहरण

पुण्यातील शनिवार पेठेलगतचा अप्पा बळवंत चौक ही शालेय पुस्तके व वह्यांची प्रसिद्ध बाजारपेठ आहे. जूनच्या मध्यास शाळा उघडण्यापूर्वी अशा बाजारात येणारी मागणीयादी उदाहरणादाखल घेता येईल. तिचे स्तंभ सामान्यतः असे असतात: अ. क्र., पुस्तकाचे नाव, इयत्ता, नग, किंमत, तारीख, शेरा.

'इयत्ता' या स्तंभास प्रमाणित आदेशात स्वतंत्र जागा नाही. तो निरुपयोगी समजून वगळला, तर 'गणित भाग पहिला' हे पुस्तक नववीचे की दहावीचे हे कळण्याचा मार्गच उरत नाही, कारण या नावाचे पाठ्यपुस्तक दोन्ही इयत्तांना आहे. म्हणून इयत्ता वस्तूच्या वर्णनास जोडावी. 'नग' हे शीर्षकही फसवे आहे. वह्यांपुढे लिहिलेले १२ म्हणजे बारा वह्या की बारा डझन? एककाचा रकाना वेगळा असतो तो याचसाठी. संयुक्त राष्ट्रांच्या एककसूचीत नगासाठी 'सी६२' व डझनासाठी 'डीझेडएन' ही चिन्हे आहेत. चुकीचे एकक गेले, तर १४४ वह्यांच्या जागी १२ वह्या येतात आणि तोवर शाळा सुरू झालेली असते.

'किंमत' छापील असू शकते किंवा सवलत वजा जाता उरलेली. एडिफॅक्टमध्ये ढोबळ दरास 'एएबी' व निव्वळ दरास 'एएए' असे भिन्न संकेत आहेत. छापील किंमत निव्वळ दराच्या रकान्यात गेली की ठरलेली सवलत देयकातून नाहीशी होते. 'तारीख' आदेशाची की माल पोचण्याची, हे खरेदीदारास विचारूनच ठरवावे. शिवाय ०६/०७ हा ६ जुलै की ७ जून, हा घोळ टाळण्यासाठी वर्ष-महिना-दिवस हा क्रम इष्ट. 'शेरा' या स्तंभात तर काहीही असते. 'बालवाडीच्या इमारतीत पोचवावे' अशी सूचना वस्तुतः वितरणाच्या पत्त्याच्या रकान्यातील माहिती आहे.

आयएसबीएन आणि लिपीचे प्रश्न

१ जानेवारी २००७ पासून आयएसबीएन तेरा अंकी आहे. स्प्रेडशीट त्यास संख्या समजून घातांकरूपात दाखवते. त्याच रूपात सीएसव्ही धारिका जतन झाली तर शेवटचे अंक कायमचे जातात. त्यामुळे तो स्तंभ आरंभीच मजकूर म्हणून ठरवावा. अंकांस आळीपाळीने १ व ३ ने गुणून येणाऱ्या बेरजेस १० ने निःशेष भाग जात नसेल, तर क्रमांक निश्चित चुकीचा आहे. मराठी याद्यांत आणखी एक अडचण येते: युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेली शीर्षके दुसऱ्या प्रणालीत रोमन अक्षरांची निरर्थक रांग होऊन बसतात. ती आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावी लागतात.

तपासणी

एकूण ओळी व एकूण रक्कम मूळ यादीशी ताडून पाहणे ही किमान तपासणी होय. मात्र केवळ बेरजेने एककाची चूक सापडत नाही. त्यासाठी काही ओळी प्रत्यक्ष वाचाव्या लागतात. एकदा ठरलेली जुळणी ग्राहकागणिक जतन करता येते. ती स्तंभाच्या स्थानावर आधारलेली असल्यास पुढील वर्षी मध्ये एक नवा स्तंभ येताच सर्व माहिती एका घराने सरकते. शीर्षकावर आधारलेल्या जुळणीत हा धोका कमी असतो. तरीही शीर्षक तेच राहून अर्थ बदललेला नाही ना, हे दर वर्षी पाहावे लागते.