डेन्मार्कमध्ये ‘इथला’ कोण?

डेन्मार्कमध्ये स्थानिक वेगळे आणि स्थलांतरित वेगळे, असं आपण सहज धरून चालतो. इतिहास मात्र गुंतागुंतीचा आहे.

१५२१ साली राजा दुसरा ख्रिश्चन याने कोपनहेगनजवळच्या आमागर बेटावर डच शेतकरी वसवले. कशासाठी? भाजीपाल्यासाठी! त्यांच्या गावच्या चर्चमध्ये १८११ पर्यंत प्रवचन डेनिश भाषेत होत नव्हतं. पुढे १८९३ पासून लोलांड-फाल्स्टरच्या बीटच्या शेतांवर पोलिश मजूर आले, त्यांत तरुण मुलीच जास्त. १९६०च्या दशकाअखेरीस कारखान्यांत तुर्कस्तान, युगोस्लाव्हिया, पाकिस्तानातले कामगार आले. १९७३च्या नोव्हेंबरात ही भरती थांबली. पण बरेच जण राहिले, मागून बायका-मुलं आली.

आता गंमत बघा. कोपनहेगनमध्ये जन्मलेलं, डेनिश बोलणारं मूलही सरकारी आकडेवारीत ‘वंशज’ म्हणून वेगळं मोजलं जाऊ शकतं. मूळ डेनिश ठरायला आई-वडिलांपैकी निदान एक जण डेन्मार्कमध्ये जन्मलेला आणि डेनिश नागरिकही असावा लागतो. भाषा, राहणी यांचा त्यात हिशोबच नाही.

आमागरच्या डचांनी जवळजवळ तीनशे वर्षं आपली भाषा चर्चमध्ये जपली, आणि तरी ते ‘इथले’ झाले. मग आजच्या मुलांना तेवढी सवड कोण देणार? प्रश्न तो आहे.