बोडे-आलेखाचा इतिहास आणि चंद्रपूर जिल्ह्यातील दोन विद्युत्-केंद्रे

नागभीडच्या स्थानकावर अनेक वर्षे एक दृश्य नित्याचे होते. नागपूरहून नॅरोगेजची गाडी येई, आणि चंद्रपूरकडे वा गोंदियाकडे जाणारे उतारू आपली गाठोडी उचलून ब्रॉडगेजच्या गाडीत जाऊन बसत. दोन मार्गांचे माप भिन्न असल्यामुळे डबे पुढे जाऊ शकत नसत. माणसे तेवढी जात. २०१९ साली नॅरोगेजची वाहतूक बंद झाली आणि ते दृश्य संपले. याच जिल्ह्यात भद्रावती येथे विजेच्या बाबतीत असाच एक सांधा १९९७-९८ च्या सुमारास उभा राहिला. पश्चिम व दक्षिण विभागांची विद्युत्-जाळी त्या काळी एका तालात चालत नव्हती. म्हणून एका जाळ्यातील प्रत्यावर्ती प्रवाह प्रथम एकदिश करून लगेच, त्याच आवारात, दुसऱ्या जाळ्यासाठी पुन्हा प्रत्यावर्ती करण्याची व्यवस्था तेथे झाली. तिची क्षमता १,००० मेगावॅट. पाठोपाठ १९९९ मध्ये चंद्रपूर ते ठाणे जिल्ह्यातील पडघे अशी ७५२ किलोमीटरांची, ५०० किलोव्होल्टची आणि १,५०० मेगावॅट क्षमतेची एकदिश प्रवाहाची वाहिनी सुरू झाली. एकीत दोन परिवर्तक शेजारी शेजारी, तर दुसरीत महाराष्ट्राच्या दोन टोकांना. उपकरणे सजातीय असूनही दोहोंच्या नियंत्रणाचा विचार सारखा करता येत नाही. तो का, हे ज्या दोन वक्रांवरून सहज उमगते त्यांचा जन्म मात्र विजेच्या कारखान्यात झाला नाही. तो दूरध्वनीच्या प्रयोगशाळेत झाला.

अमेरिकेसारख्या खंडप्राय देशात दूरध्वनीचा आवाज पोहोचवावयाचा तर वाटेत ठिकठिकाणी विवर्धक बसवावे लागत, आणि प्रत्येक विवर्धक ध्वनीत आपली थोडी विकृती मिसळी. विवर्धकांची संख्या वाढली की ही विकृती साचत जाई. २ ऑगस्ट १९२७ रोजी बेल प्रयोगशाळेतील हॅरोल्ड ब्लॅक कामावर जात असता हडसन नदीच्या नावेत त्याला उपाय सुचला, आणि तो त्याने हातातील वर्तमानपत्राच्या पानावर टिपून ठेवला. विवर्धकाच्या फलाचा काही अंश उलटा करून पुन्हा त्याच्याच मुखाशी आणावा. विवर्धन घटेल, पण विकृतीही त्याच मानाने घटेल. हेच ऋण प्रत्याभरण होय. उपाय उत्तम होता, परंतु विवर्धन फार वाढविले की असा विवर्धक आपोआप किंचाळू लागे. उलटा करून आणलेला अंश वाटेत इतका मागे पडे की मुखाशी येईतो तो सुलटा होई. ही सीमा नेमकी कोठे येते याचा गणिती निकष हॅरी नायक्विस्टने १९३२ मध्ये दिला.

निकष मिळाला तरी मंडल घडविणाऱ्याची अडचण संपली नव्हती. मंडल स्थिर आहे की नाही हे कळे. नसेल तर कोणता घटक किती बदलावा, हे सहजी कळत नसे. ही उणीव हेंड्रिक वेड बोडे (१९०५–१९८२) याने भरून काढली. (हे आडनाव डच आहे. आपल्या वर्गांतून त्याचा उच्चार बहुधा ‘बोड’ असा होतो. डच उच्चाराला ‘बोडे’ हेच अधिक जवळचे. विदर्भातील विद्यार्थ्याला ते गावातलेच आडनाव वाटले तर नवल नाही.) त्याने विवर्धन आणि कला यांचे दोन स्वतंत्र वक्र काढले व दोहोंसाठी कंप्रतेचा अक्ष लॉगरिथमी घेतला. विवर्धन डेसिबेलमध्ये मांडले, आणि डेसिबेल तर दूरध्वनीच्या अभियंत्यांचे रोजचे चलनी नाणेच होते. एकामागून एक जोडलेल्या भागांच्या विवर्धनांचा गुणाकार करावा लागतो. लॉगरिथम घेताच त्याची बेरीज होते. मोठी आकडेमोड पट्टी व पेन्सिल यांच्या आटोक्यात आली ती यामुळे.

आलेख काढण्याची रीत आजही तीच आहे. प्रत्येक साध्या घटकाला एक कोपरा-कंप्रता असते. तिच्या अलीकडे वक्र सपाट मानावयाचा. पलीकडे कंप्रता दसपट होताच तो २० डेसिबेलने, दुप्पट होताच सुमारे ६ डेसिबेलने उतरतो असे मानून सरळ रेषा ओढावयाची. या दुपटीला इंग्रजीत अष्टकवाचक शब्द आहे, मराठीत सप्तक. वरचा षड्ज मोजावा की मोजू नये एवढाच काय तो भाषांमधील मतभेद. खरा वक्र या रेषांपासून सर्वाधिक ढळतो तो कोपऱ्यापाशी, आणि तोही केवळ ३ डेसिबेलने. तेथे कला ४५ अंश मागे पडलेली असते, व पुढे ती ९० अंशांकडे झुकत जाते.

तथापि बोडेची खरी थोरवी रेखाटनाच्या या सोयीत नाही. १९४० च्या निबंधात त्याने दाखवून दिले की एका विस्तृत वर्गातील मंडलांमध्ये हे दोन वक्र परस्परांपासून स्वतंत्र नसतातच. विवर्धनाचा संपूर्ण वक्र दिला की कलेचा वक्र ठरून जातो. उतार दीर्घ पल्ल्यात २० डेसिबेलचा असेल तर कला सुमारे ९० अंश मागे, ४० चा असेल तर सुमारे १८०. म्हणून विवर्धन झटकन खाली आणावे आणि कला मात्र मागे पडू देऊ नये, ही इच्छा कितीही कुशल अभियंत्याला पुरी करता येत नाही. विवर्धन एकाइतके होते तेथे उतार मंद ठेवणे, आणि १८० अंशांना पोहोचण्यापूर्वी कलेची काही शिल्लक राखणे, एवढेच त्याच्या हाती उरते. हा विचार १९४५ च्या ग्रंथात सविस्तर आला. तोवर बोडे स्वतः युद्धकार्यात विमानविरोधी तोफांच्या नियंत्रणाकडे वळला होता, आणि दूरध्वनीचे हे शास्त्र यंत्रनियंत्रणाचे शास्त्र होऊ लागले होते.

‘एका विस्तृत वर्गातील’ हे शब्द मात्र विसरता येत नाहीत. निव्वळ कालविलंब त्या वर्गात बसत नाही. विलंबाने विवर्धनाच्या वक्राला धक्काही लागत नाही. कला मात्र कंप्रतेच्या प्रमाणात मागे पडत जाते. पहिलाच वक्र पाहणारा येथे हटकून फसतो.

चंद्रपूर–पडघे वाहिनीवर हे ताडून पाहता येते. प्रकाशाच्या वेगाने जाणाऱ्या संकेतालाही ७५२ किलोमीटर कापण्यास सुमारे २.५ मिलिसेकंद लागतात. समजा, पडघ्याचे मोजमाप चंद्रपूरला आणावयाचे, तेथे निर्णय घ्यावयाचा आणि त्याचा परिणाम पुन्हा पडघ्याला पोहोचू द्यावयाचा, असा एकच बंद फेरा कोणी बांधला. विलंब किमान ५ मिलिसेकंदांचा. फेऱ्यात केवळ एक समाकलक आहे असे धरले तर त्याची कला ९० अंशांवर स्थिर असते, आणि विलंब नसता तर विवर्धन वाटेल तितके वाढवूनही तो डळमळला नसता. आता विवर्धन १० हर्ट्‌झला एकाइतके होत असेल तर विलंबाचे १८ अंश वजा जाऊन ७२ अंशांची शिल्लक राहते. २५ हर्ट्‌झला ४५ अंश राहतात. ५० हर्ट्‌झला शिल्लक शून्य. म्हणजे पहिल्या स्थितीपासून विवर्धन पाचपट, अर्थात १४ डेसिबेलने, वाढविताच फेरा आंदोलू लागेल. हा हिशेब अगदी सोपा केलेला आहे; वाहिनीचे स्वतःचे अनुस्पंदन, संदेशयंत्रणेचा आणखी विलंब हे सारे त्यावर चढते, आणि ते सर्व शिल्लक कमीच करते.

अशा दीर्घ वाहिन्यांवर शीघ्र नियंत्रण दोन्ही टोकांना स्थानिक ठेवण्याचा सर्वत्र रूढ झालेला प्रघात यामुळेच समजतो. एक टोक आपल्याच ठिकाणी प्रवाह मोजून तो सांभाळते, दुसरे सामान्यतः दाब सांभाळते. दूरसंदेशाने केवळ प्रवाहाच्या आज्ञांचा मेळ घातला जातो, आणि तोही सावकाश. भद्रावतीस वाहिनीच नसल्याने हा विलंब उद्भवत नाही. तेथे उरतो तो परिवर्तकाचा अंगभूत विलंब: बारा-स्पंदी परिवर्तकात ५० हर्ट्‌झला सेकंदास ६०० वेळा थायरिस्टर पेटविले जातात, त्यामुळे एक निर्णय झाल्यावर दुसरी संधी येण्यास सुमारे १.७ मिलिसेकंद जातात. फेरा अधिक चपळ ठेवता येतो, पण त्यालाही कलेच्या वक्रावर आपली मर्यादा आहेच. ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाच्या तालात आले. नागभीडच्या उतारूंची गाडीबदल टळण्याच्या सहा वर्षे आधी भद्रावतीच्या सांध्याचे मूळ कारण अशा रीतीने नाहीसे झाले.