मागचं धूसर कुठून आलं

पावसाळ्यात मांजरसुंब्याजवळच्या कपिलधारला गेलात तर धबधब्यापुढे एक फर्माईश हमखास कानावर येते, "मागचं ब्लर करून काढ रे!" कार्तिकी पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या समाधीवर दिंड्या येतात, तेव्हाही तेच. कपाळावरची विभूती ठसठशीत, मागचा डोंगर विरघळलेला.

या धूसरपणाचं मूळ 1840 च्या व्हिएन्नात आहे. आदल्याच वर्षी दागेरचं फोटो काढण्याचं तंत्र जाहीर झालं होतं, पण फोटोसाठी माणसाला मिनिटांवर मिनिटं निश्चल बसावं लागे. गणिताचे प्राध्यापक जोसेफ पेट्झवाल यांनी भरपूर प्रकाश आत घेणारं भिंग आखलं. साधारण 150 मिलिमीटर फोकल लेंग्थच्या त्या भिंगाचं तोंड सुमारे 40 मिलिमीटर रुंद होतं. त्यांना वेळ वाचवायचा होता. चेहऱ्यामागचं सगळं विरलं ते त्या रुंद तोंडापायी, आपसूक.

फोनमध्ये हे तोंड दोन-तीन मिलिमीटरवर आलं. एवढ्याशा वाटेने प्रकाश आला की जवळचं-लांबचं जवळपास सगळंच स्पष्ट उमटतं. मग धूसरपणा हिशेबाने घडवणं आलं. 2014 मध्ये एचटीसी वन एम8 ने त्यासाठी मागे दुसरा कॅमेरा दिला, 2016 मध्ये आयफोन 7 प्लसच्या पोर्ट्रेट मोडने त्याची चटक लावली. शेजारी-शेजारी बसवलेल्या दोन भिंगांना जवळची वस्तू जास्त सरकलेली दिसते, लांबची कमी. त्या फरकावरून फोन अंतर ताडतो आणि मागचा भाग पुसट करतो. 2017 च्या पिक्सेल 2 ने तर हे एकाच भिंगावर साधलं.

कपिलधारला मात्र हा हिशेब चुकतो. उडते केस, तुषार, ओढणीची झिरझिरीत कड यांची हद्द फोनला सापडत नाही. दोन बटांच्या मध्ये धबधब्याचा एखादा तुकडा लख्ख राहून जातो आणि सगळा फोटो खोटा वाटू लागतो.

खरा धूसरपणा फोनमध्येही आहे, त्यासाठी जवळ जावं लागतं. प्रो मोडमध्ये फोकस 'एमएफ'वर, म्हणजे मॅन्युअल फोकसवर घ्या आणि पट्टी डोंगराच्या चिन्हाकडून फुलाच्या चिन्हाकडे सरकवा. आतलं चुंबक आणि तारेचं वेटोळं भिंगाला केसभर हलवतं. ओल्या कातळावरचं शेवाळ रेखीव होतं, मागचं पाणी खरोखर विरतं.

माणसांचे फोटो मात्र डोंगरासकट काढा. दिंडीत पायी आलेल्या माणसामागे कपिलधार दिसलंच पाहिजे. पोर्ट्रेट मोड वापरलाच असेल, तर फोटो पुन्हा उघडून ब्लरची पट्टी खाली आणा. बऱ्याच फोनमध्ये ती नंतरही बदलता येते.