पहिल्या चुकीला दुसरी संधी कुणाला? परिवीक्षेचा इतिहास आणि बीडचे वास्तव

जामीन आपल्या कार्यकर्त्यांना माहीत आहे. तारीख माहीत आहे, ॲट्रॉसिटीची कलमे तर पाठ आहेत. पण गुन्हा शाबीत झाल्यावरसुद्धा न्यायालय माणसाला तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर घरी सोडू शकते, हे किती जणांना माहीत आहे? याला परिवीक्षा म्हणतात, कोर्टाच्या आवारात प्रोबेशन. हा कायदा ज्यांच्यासाठी सर्वात जास्त गरजेचा आहे, त्यांच्यापर्यंतच तो पोहोचत नाही, असे आमचे म्हणणे आहे.

मुळापासून सुरुवात करू. या देशात चूक करणारा माणूस सुधारू शकतो की नाही, हे त्याचा जन्म ठरवत होता. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात ब्राह्मणाला देहान्ताऐवजी मुंडण सांगितले आहे आणि शूद्राच्या अपराधाला अवयव तोडण्याची शिक्षा. म्हणजे दुसरी संधी होती, पण ती राखीव होती. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी हे पुस्तक जाळले, त्यात या दंडनीतीचीही राख झाली.

इंग्रजांनी काय केले? १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा आणला. त्यात गुन्हा सिद्ध होण्याची गरजच नव्हती. पारधी, कैकाडी अशा जमातींवर जन्मतःच शिक्का मारला. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही. ज्याला जन्मानेच गुन्हेगार ठरवले, त्याला सुधारण्याची संधी द्यायचा प्रश्नच कुठे येतो? हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. शिक्का मात्र पोलीस ठाण्याच्या मनात राहिला.

याच काळात जगात दुसरा एक विचार वाढत होता. १८४१ साली अमेरिकेतल्या बोस्टन शहरात जॉन ऑगस्टस नावाचा जोडे बनवणारा माणूस कोर्टात उभा राहिला आणि दारूच्या गुन्ह्यात पकडलेल्या एका माणसाची हमी त्याने स्वतः घेतली. तीन आठवड्यांनी तो माणूस शुद्धीवर, नीटनेटका होऊन परत आला. कोर्टाने नाममात्र दंड करून त्याला सोडले. ऑगस्टसने पुढे मरेपर्यंत, म्हणजे १८५९ पर्यंत, सुमारे दोन हजार माणसांची अशी हमी घेतली. १८७८ साली मॅसॅच्युसेट्स राज्याने त्यावर कायदा केला. परिवीक्षेची कल्पना कुठल्या न्यायाधीशाने काढली नाही, ती एका जोडे शिवणाऱ्याने काढली, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे.

भारतात १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ५६२ मध्ये याचे छोटे बीज होते. मुंबई प्रांताने १९३८ साली स्वतंत्र परिवीक्षा कायदा केला. त्या वेळी प्रांताच्या विधानसभेत बाबासाहेब स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून विरोधी बाकावर होते. पण बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. मुंबई प्रांतातल्या पोराला जी संधी कायद्याने मिळत होती, ती त्या कायद्याने बीडच्या पोराला मिळत नव्हती. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झाले, १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९५८ साली संसदेने अपराधी परिवीक्षा अधिनियम केला.

हा कायदा काय सांगतो ते नीट समजून घ्या. कलम ३: आधी शिक्षा झालेली नसेल आणि गुन्हा साध्या चोरीसारखा किंवा दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा असेल, तर न्यायालय नुसती समज देऊन सोडू शकते. कलम ४: फाशी किंवा जन्मठेपेचा गुन्हा नसेल, तर जास्तीत जास्त तीन वर्षांच्या बंधपत्रावर सोडता येते. कलम ६: आरोपी २१ वर्षांखालचा असेल आणि गुन्हा जन्मठेपेचा नसेल, तर परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवल्याशिवाय आणि कारणे लिहिल्याशिवाय त्याला तुरुंगवास देता येत नाही. कलम १२: असा सुटलेला माणूस दोषसिद्धीमुळे येणाऱ्या कायदेशीर अपात्रतेतून वाचतो. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली रतनलाल विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात अपिलातही हा लाभ देता येतो, असे स्पष्ट केले.

कलम १२ आपल्या तरुणांनी दोनदा वाचावे. आंदोलनात रस्ता अडवला, जमावबंदी मोडली म्हणून गुन्हे दाखल होतात. कंटाळून पोरं कबुली देतात, दंड भरतात आणि मोकळे झालो असे समजतात. पण दंड ही शिक्षाच आहे. उद्या भरतीत चारित्र्य पडताळणी होते तेव्हा ती पुढे येते. परिवीक्षेने दोषसिद्धी पुसली जात नाही हे खरे, पण कलम १२ चे संरक्षण तरी हाती राहते. कबुली देण्याआधी वकिलाला एवढे विचारायलाच हवे.

मुलांचा कायदा वेगळा आहे. मुंबईचा १९२४ चा मुलांचा कायदा, नंतर देशाचे १९८६, २००० आणि २०१५ चे बाल न्याय कायदे. आज १८ वर्षांखालच्या मुलाचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. तिथे एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात, त्यात एक तरी स्त्री असते. मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय, असे कायदाच म्हणतो. परिवीक्षा अधिकाऱ्याने दोन आठवड्यांत मुलाच्या घरचा, शाळेचा, वस्तीचा सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो.

आता बीडकडे या. दसरा-दिवाळी झाली की इथल्या हजारो कुटुंबांचा कोयता पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातो. मुकादमाची उचल घेतलेली असते, परतणे थेट उन्हाळ्यात. अशा घरच्या पोराचा अहवाल करायला अधिकारी वस्तीवर आला, तर दाराला कुलूप. आईबापाशी बोलणे नाही, शाळेत नाव आहे पण हजेरी नाही. कागदावर हे चित्र 'पालकांचे नियंत्रण नाही' असे उतरते. ऊसतोडीची सक्ती मुलाचा दोष बनते!

मोठ्यांचेही तेच. कलम ४ सांगते की आरोपीचे किंवा त्याच्या जामीनदाराचे राहण्याचे ठरावीक ठिकाण किंवा नियमित धंदा असला पाहिजे. गायरानावर पाल ठोकून राहणाऱ्या पारध्याने ठरावीक ठिकाण कुठून आणायचे? सातबारा असलेला जामीनदार कुठून आणायचा? कायदा जात विचारत नाही, पत्ता विचारतो. आणि या देशात पत्ता जातीवर ठरतो. २०२२ अखेर देशाच्या तुरुंगांत पावणेसहा लाखांच्या आसपास माणसे होती, त्यातली चारात तीन कच्चे कैदी. अनुसूचित जातींचे प्रमाण लोकसंख्येतल्या वाट्याहून जास्त. विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार मानणाऱ्या तुरुंग नियमावलीतल्या तरतुदी रद्द व्हायला तर ३ ऑक्टोबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला.

कुणी म्हणेल, तुम्ही गुन्हेगारांची बाजू घेता. मग ॲट्रॉसिटीच्या आरोपीलाही परिवीक्षा द्या. नाही! १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम १९ ने १८ वर्षांवरील दोषींना हा लाभ नाकारला आहे. नागरी हक्क संरक्षण कायद्यातही १९७६ च्या दुरुस्तीने अशीच मनाई आली. यात विसंगती नाही. परिवीक्षा उभी राहते ती आजूबाजूच्या समाजाच्या भरवशावर: शेजारी लक्ष ठेवतील, चुकीची लाज वाटायला लावतील. जातीय अत्याचारात गावच आरोपीच्या मागे उभे असते. जिथे लाज वाटायला लावणारा समाज नाही, तिथे परिवीक्षा म्हणजे मोकळीक.

मग करायचे काय? कायद्यातच वाट आहे. ठरावीक ठिकाण आरोपीचे नसले तरी जामीनदाराचे चालते; जामीनदाराशिवायही बंधपत्र घेता येते. कलम १३ प्रमाणे शासनमान्य संस्था परिवीक्षा अधिकारी देऊ शकते, आणि अपवादात्मक परिस्थितीत न्यायालय योग्य वाटणाऱ्या इतर व्यक्तीलाही ते काम देऊ शकते. अनुसूचित जाती-जमातींना, स्त्रियांना, मुलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. ज्यांच्याकडे पक्के घर आहे, नोकरी आहे, त्यांनी वस्तीतल्या पोरासाठी जामीनदार म्हणून उभे राहावे. अहवालाच्या वेळी आईबाप फडात असतील, तर शिक्षक, आजी, शेजारी यांना अधिकाऱ्यासमोर न्यावे. आणि ॲट्रॉसिटीत आरोपीच्या वकिलाने परिवीक्षा मागितली, तर सरकारी वकिलाला कलम १९ ची आठवण द्यावी.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये अंगुलिमालाच्या परिवर्तनाला जागा दिली, ती माणूस बदलतो हे सांगण्यासाठी. पण अंगुलिमालाच्या वाटेवर तथागत स्वतः चालत गेले होते. आपल्या पोरांसाठी कोर्टाच्या पायऱ्या आपल्यालाच चढाव्या लागतील.

जय भीम!