कलिस, पीटर

(जन्म : १९४६). कॅनडातील जीवरसायनशास्त्रज्ञ. औषधाचा किंवा जनुकीय द्रव्याचा रेणू पेशीच्या आत पोहोचवणाऱ्या मेदकणांवर, म्हणजेच लिपिड नॅनोकणांवर, त्यांनी चार दशकांहून अधिक काळ संशोधन केले. आरएनए-हस्तक्षेपावर (आरएनएच्या साह्याने विशिष्ट जनुकाचे काम दाबण्यावर) आधारलेले पहिले मान्यताप्राप्त औषध ‘ऑनपॅट्रो’ आणि फायझर-बायोएनटेकची कोविड लस या दोन्हींतील कणांचे मूळ या संशोधनात आहे. जनुकोपचाराविषयी बोलताना जनुकाची चर्चा फार होते आणि ते वाहून नेणाऱ्या कणाची फारच थोडी. उघडा आरएनए रक्तात टोचला तर तेथील विकरे काही मिनिटांत त्याचे तुकडे करतात. तुकडे झाले नाहीत तरी ऋणभारित अवाढव्य रेणूला पेशीपटल ओलांडता येत नाही. वाहकाचा प्रश्न म्हणूनच दुय्यम नाही.

कलिस मूळचे भौतिकीचे विद्यार्थी. व्हँकूवर येथील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातून १९७२ मध्ये भौतिकीत पीएच.डी. मिळवल्यावर ते ऑक्सफर्डला आणि पुढे नेदरलँड्समधील उत्रेख्तला गेले. तेथे चुंबकीय अनुस्पंदनाच्या तंत्राने त्यांनी पेशीपटलातील मेदरेणूंचा अभ्यास केला. पटलाचे काम केवळ आतले आत आणि बाहेरचे बाहेर ठेवणे एवढेच असेल, तर एकाच जातीचा मेद पुरला असता. प्रत्यक्षात पटलात शेकडो प्रकारचे मेदरेणू असतात. ते कशासाठी, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तराचा एक भाग रेणूंच्या आकारात सापडला. डोके आणि शेपट्या सारख्याच रुंदीच्या असलेले दंडगोलाकार रेणू शेजारी शेजारी रचले की सपाट दुपदरी पटल तयार होते. शेपट्यांकडे रुंद असलेले शंकूसारखे रेणू मात्र अशा रचनेत मावत नाहीत. ते उलट्या षट्कोनी नळ्यांच्या रूपात जमतात आणि दोन पटलांच्या मीलनाला वाट करून देतात. बेन दे क्रुइफ यांच्यासह १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेला या विषयावरील त्यांचा आढावा-लेख पटलजीवशास्त्रात आजही आधारभूत मानला जातो. त्या वेळी या कामात औषधाचा विचार कुठेच नव्हता, आणि पुढची सगळी हकिकत नीट कळायची तर हे लक्षात ठेवावे लागते.

१९७८ मध्ये ते ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात परतले. प्रयोगांसाठी लागणारी एकसारख्या आकाराची मेदपुटे, म्हणजे लिपोसोम, बनवण्याकरिता त्यांच्या गटाने सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून मेदाचे मिश्रण दाबाने ढकलण्याची रीत १९८५ मध्ये मांडली. ती आजही प्रयोगशाळांत सर्रास वापरली जाते. याच सुमारास पुटाच्या आत आम्लता आणि बाहेर उदासीन द्रव असेल तर डॉक्सोरुबिसिनसारखे कर्करोगावरील औषध आपोआप आत शिरते व तेथेच अडकते, हे त्यांच्या गटाने दाखवले. बाहेर ठेवलेले जवळजवळ सगळे औषध अशा रीतीने पुटात भरता येऊ लागले. या कामातून काही औषधे रुग्णांपर्यंत गेली. डॉक्सोरुबिसिन वाहून नेणारे मायोसेट युरोपात मान्य झाले. व्हिंक्रिस्टिन हे कर्करोगावरील दुसरे औषध वाहून नेणाऱ्या मार्किबोची वाट खडतर ठरली : २००५ मध्ये अमेरिकेत नकार, २०१२ मध्ये मान्यता, आणि २०२२ मध्ये ती मान्यता मागे.

डीएनए आणि आरएनए यांच्याकडे वळल्यावर अडचण वेगळीच निघाली. ऋणभारित न्यूक्लिइक आम्ल बांधून ठेवायला धनभारित मेद लागतो. पण निसर्गात धनभारित मेद जवळजवळ नाहीतच, आणि कायम धनभार वाहणारे कृत्रिम मेद रक्तात गेले तर विषारी ठरतात. १९९० च्या दशकात, कलिस यांच्या इनेक्स या कंपनीच्या काळात, यावर उपाय आकाराला आला, तो भार बदलणाऱ्या मेदांचा. आम्लधर्मी द्रवात, सुमारे ४ पीएचला, हा मेद धनभारित असतो आणि आरएनएला घट्ट धरतो. रक्ताच्या ७.४ पीएचला त्याचा भार जवळजवळ नाहीसा होतो, त्यामुळे कण निरुपद्रवी राहतो. पेशी त्याला गिळून आम्लधर्मी एंडोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या आतील पटलवेष्टित पुटात, कोंडते तेव्हा भार पुन्हा उमटतो. तेथील ऋणभारित मेदाशी त्याची जोडी जमते, जोडीचा आकार शंकूसारखा होतो, एंडोसोमचे दुपदरी पटल मोडते आणि आरएनए पेशीद्रवात सुटतो. ही कारणमीमांसा कलिस व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडली. उत्रेख्तच्या त्या शंकूंचे तत्त्व इथे थेट उपयोगी पडले.

हा मेद सुधारत नेण्याचे काम एका माणसाचे नाही, आणि कोशात हे स्पष्ट नोंदवायला हवे. इनेक्समधून निघालेल्या प्रोटिवा कंपनीत इयन मॅक्लॅक्लन व सहकाऱ्यांनी महत्त्वाची मजल मारली. अमेरिकेतील अल्नायलम कंपनीने अनेक मेदरेणू तयार करून तपासले. हक्कांवरून कंपन्यांत कोर्टकज्जे झाले आणि त्यांतील एक मोठा वाद २०१२ मध्ये तडजोडीने मिटला. श्रेयाची वाटणी अजूनही सर्वांना मान्य नाही. याच प्रयत्नांतून एमसी-३ हा मेद पुढे आला. त्याच्यासह एक फॉस्फोलिपिड, कोलेस्टेरॉल आणि पॉलिएथिलीन ग्लायकॉल जोडलेला मेद असे चार घटक ऑनपॅट्रोत आहेत. ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकेत मान्य झालेले हे औषध ट्रान्सथायरेटिन या प्रथिनाच्या साठ्यांमुळे मज्जातंतू निकामी करणाऱ्या आनुवंशिक विकारावर आहे. दर तीन आठवड्यांनी शिरेतून दिल्यावर ते यकृतातील त्या प्रथिनाचे उत्पादन दाबते. ज्या आजारात रुग्णाची पावले हळूहळू थांबत जातात, त्यावर दिशा बदलणारे औषध मिळणे ही मोठी गोष्ट होती.

कलिस यांनी २००९ मध्ये टॉमस मॅडन व मायकेल होप यांच्यासह स्थापन केलेल्या अ‍ॅक्युइटास कंपनीचे मेदकण फायझर-बायोएनटेकच्या लशीत वापरले गेले. डिसेंबर २०२० मध्ये ब्रिटनने या लशीला परवानगी दिली. एमआरएनए लशींमागचे संशोधन करणाऱ्या कातालिन कारिको व ड्र्यू वाइसमन यांच्याबरोबर कलिस यांना २०२२ चा गेर्डनर पुरस्कार मिळाला. २०२३ चे नोबेल मात्र फक्त त्या दोघांना देण्यात आले.

या कणांच्या मर्यादा उघड आहेत. शिरेतून दिलेले बहुतेक कण यकृतात जातात, कारण रक्तातील अपोलिपोप्रोटीन-ई त्यांना चिकटते आणि यकृतपेशी त्यांना कोलेस्टेरॉलवाहू कण समजून आत घेतात. फुप्फुस, मेंदू, स्नायू गाठणे अजून कठीण आहे. एंडोसोममधून सुटका होते तीही, मोजमापांनुसार, जेमतेम एकदोन टक्के आरएनएची. तरी विषाणू-वाहकांपेक्षा त्यांचा एक लाभ ठळक आहे : विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे तयार होत असल्याने त्याची मात्रा सहसा पुन्हा देता येत नाही, मेदकणांची देता येते. फिलाडेल्फियात २०२५ मध्ये यकृताच्या दुर्मिळ चयापचय-विकाराने आजारी असलेल्या एका तान्ह्या बाळासाठी खास त्याच्याच जनुकदोषावर बेतलेले संपादन-औषध बनवले गेले. त्याचे वाहक मेदकणच होते, आणि वाढत्या मात्रेत ते एकाहून अधिक वेळा देण्यात आले.