भाड्याचं यंत्र आणि वजनकाटा

यवतमाळ जिल्हा 1905 पर्यंत वून, म्हणजे वणी, या नावाने ओळखला जात होता. या भागातली एक रीत शंभर वर्षांहून जुनी आहे. महागडं यंत्र कुणा एका भांडवलवाल्याने उभारायचं, इतरांनी आपला माल तिथे न्यायचा आणि यंत्र आपल्यासाठी जेवढं चाललं तेवढेच पैसे मोजायचे. कापूस पिकवणाऱ्याने स्वतःचा जिनिंग कारखाना काढावा, अशी अपेक्षा वऱ्हाडात कुणी केली नाही. आज सरकारी खाती, बँका, रुग्णालयं क्लाउड कंपन्यांशी जो व्यवहार करतात, त्याचा गाभा हाच आहे. तिथे कापसाऐवजी माहिती असते आणि यंत्र मुंबई-पुण्याकडच्या एखाद्या बंदिस्त इमारतीत असतं. म्हणून क्लाउडची पारख या जिल्ह्याने आपल्याच कापसाच्या इतिहासावरून करावी, असं मला वाटतं. यंत्र किती चांगलं, यावर भाडेकरूचा नफा-तोटा इथे ठरला नाही. मोजमाप त्याला तपासता येतं का आणि भाव पटला नाही तर माल दुसरीकडे नेता येतो का, या दोन गोष्टींवर तो ठरला.

अमेरिकेतल्या 1861 ते 1865 च्या यादवी युद्धामुळे मँचेस्टरला तिथला कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी मागणी आली. त्याच दशकात लोहमार्ग वऱ्हाडातून पुढे सरकत 1867 मध्ये नागपूरला पोचला. त्यामागून वाफेवरचे जिनिंग आणि प्रेसिंगचे कारखाने आले. या धंद्याचं गणित अवघड होतं. कापूस दसरा-दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत येतो आणि बाकीचे महिने यंत्र बंद राहतं. हंगाम ऐन भरात असतानाची गर्दी धरून यंत्रं बसवावीत तर वर्षातला बराच काळ भांडवल पडून राहतं, आणि सरासरी धरून बसवावीत तर कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर तिष्ठत राहतात. क्विंटलभर कापसातून सुमारे 34 किलो रुई निघते, म्हणजे 170 किलोच्या आजच्या एका गठाणीला पाचेक क्विंटल कापूस लागतो. दोन-चार गाड्या कापूस असलेल्याने त्यासाठी बॉयलर विकत घेणं हा वेडेपणाच ठरला असता. भाड्याचं यंत्र ही त्याच्या दृष्टीने खरी सोय होती. ती नाकारून इतिहास लिहिता येणार नाही.

मात्र सोयीबरोबर एक दुखणंही आलं. कारखाने गरजेपेक्षा जास्त झाले, तेव्हा एकमेकांचे दर पाडण्याऐवजी मालकांनी पूल केले. सगळ्यांनी मिळून एकच दर ठरवायचा आणि जमलेली रक्कम ठरलेल्या वाट्याने वाटून घ्यायची. ज्या कारखान्याचं चाक हंगामभर फिरलं नाही, त्यालाही वाटा मिळे. रिकाम्या यंत्राचा खर्च अखेर कापूसवाल्याच्या बिलात जाई आणि चार कारखाने डोळ्यांसमोर असूनही त्याला निवड उरत नसे. 1917 मध्ये नेमलेल्या आणि 1919 मध्ये अहवाल देणाऱ्या इंडियन कॉटन कमिटीपुढे या पुलांचा प्रश्न आला. मापाचं भांडण तर त्याहून जुनं. वऱ्हाडात कापूस आणि धान्य बाजारांसाठी 1897 मध्येच कायदा झाला होता. पुढे 1925 च्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या कायद्याने नोंदवह्या ठेवणं, प्रत्येक गठाणीवर कारखान्याची खूण आणि क्रमांक टाकणं आणि ठरावीक प्रमाणाचेच काटे-वजनं वापरणं बंधनकारक केलं. गठाणीत ओला किंवा भेसळीचा माल निघाला, तर ती कुठे बांधली गेली हे त्या खुणेवरून कळू लागलं. भाड्याच्या यंत्राला मोजमापाची शिस्त कायद्याने लावावी लागली, हे ध्यानात ठेवण्याजोगं आहे.

शकुंतला रेल्वेचा धडा वेगळा आहे. यवतमाळचा कापूस मूर्तिजापूरला मुख्य मार्गाशी आणि तिथून मुंबईशी जोडणारी ही अरुंद रुळांची गाडी. मार्ग किलिक-निक्सन या पेढीने काढलेल्या कंपनीचा. 1951-52 मध्ये देशातल्या रेल्वेची पुनर्रचना झाली, तरी त्याची मालकी कंपनीकडेच राहिली. गाड्या मध्य रेल्वे चालवी आणि मालकाला मोबदला देई. वाफेचं इंजिन जाऊन डिझेल यायला 1994 साल उजाडलं. मालक एक आणि चालवणारा दुसरा, अशा करारात रुळांवर पैसा कुणी घालायचा हा प्रश्न पिढ्यान् पिढ्या लोंबकळत राहिला. प्रवाशाला तर दुसरा रूळ निवडण्याची सोयच नव्हती.

संगणकाच्या क्षेत्रात भाड्याची रीत पहिल्यापासून आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1964 मध्ये सीडीसी 3600 हा मोठा संगणक आला, तेव्हा बाहेरच्या संस्थांचे लोकही छिद्रांकित पत्त्यांचे गठ्ठे घेऊन तिथे गणितं करवून घ्यायला जात. ऐंशीच्या दशकात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या निकनेट जाळ्याने जिल्ह्यांची ठिकाणं उपग्रहामार्फत दिल्ली, पुणे, भुवनेश्वर आणि हैदराबाद इथल्या चार मोठ्या संगणकांशी जोडली. जिल्ह्यात लहान यंत्र, भारी काम दूरच्या केंद्रावर, अशी ती रचना होती. जमिनीच्या नोंदी संगणकावर आणण्याचा देशातला पहिला प्रयोग 1988-89 मध्ये आठ जिल्ह्यांत झाला, त्यांत महाराष्ट्रातला वर्धा होता, म्हणजे यवतमाळहून नदीपलीकडचा शेजारी. क्लाउडने या वाटेवर दोन गोष्टी वाढवल्या. आभासीकरणाच्या तंत्राने एकाच यंत्राचे अनेक स्वतंत्र भाग पाडता येतात. प्रत्येक भाडेकरूला आपल्यापुरता पूर्ण संगणक मिळतो आणि शेजाऱ्याची माहिती त्याला दिसत नाही. शिवाय मागणी करणं, यंत्र चालू होणं आणि त्याचं बिल निघणं ही सगळी कामं माणसाच्या मध्यस्थीशिवाय काही मिनिटांत होतात.

ॲमेझॉनने ऑगस्ट 2006 मध्ये ही सेवा खुली केली, तेव्हा लहान यंत्राचा दर तासाला 10 सेंट होता. यंत्र वर्षभर अखंड चालू ठेवलं तर 8,760 तासांचे 876 डॉलर होतात. याच दराशेजारी 2017 सालची राज्याची शेतकरी कर्जमाफी ठेवून पाहावी. अर्ज 24 जुलै ते 22 सप्टेंबर असे 61 दिवस ऑनलाइन भरले गेले. तेवढ्याच काळापुरतं यंत्र घेतलं तर 1,464 तासांचे 146 डॉलर पडतात. असं एक यंत्र पुरणार नाही, शेकडो लागतील, पण प्रमाण तेच राहील. यवतमाळसारख्या कर्जबाजारीपणाने पोळलेल्या जिल्ह्यात सेवा केंद्रांपुढे रांगा लागल्या होत्या आणि संकेतस्थळ अडखळत होतं. दोन महिन्यांचा असा लोंढा ही भाड्याच्या यंत्राची हक्काची जागा आहे. परीक्षांचे निकाल, प्रवेशाचे अर्ज, पीकविम्याच्या शेवटच्या चार दिवसांची गर्दी यांचंही तसंच. याउलट, वर्षाचे बारा महिने सारख्याच वेगाने चालणारं काम ताशी दराने महाग पडतं. त्यासाठी वर्ष-तीन वर्षांचा करार करून सवलत घ्यावी लागते, नाहीतर स्वतःचं यंत्र परवडतं. मध्येच थांबवलं तरी चालेल अशा हिशेबाच्या कामाला कंपन्या आपली रिकामी यंत्रं बऱ्याच स्वस्तात देतात, मात्र मागणी वाढली की ती परत घेतात. इथे एक स्पष्ट सांगायला हवं. त्या कर्जमाफीत बँकांच्या याद्या आणि शेतकऱ्यांचे अर्ज जुळेनात, तो घोळ कितीही यंत्रं भाड्याने घेऊन सुटला नसता. कापसात पाणी असेल तर चांगलं जिनही रुई सुधारत नाही.

यावर कुणी म्हणेल, आज पूल कुठे आहे? मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये पुणे-मुंबईत केंद्रं उघडली, ॲमेझॉनने 2016 मध्ये आणि गूगलने 2017 मध्ये मुंबईत. नाशिकची ईएसडीएससारखी देशी कंपनीही आहे, आणि 2018 मध्ये महाराष्ट्राने सरकारी खात्यांसाठी सार्वजनिक क्लाउडचं धोरण आणलं. ही स्पर्धा खरी आहे आणि ताशी दरांवर तिचा परिणामही दिसतो. पण अडवणूक दराच्या पाटीवर नसते. माहिती आत टाकायला सहसा पैसे पडत नाहीत; बाहेर काढायला ॲमेझॉनच्या मुंबई केंद्रात दर गिगाबाइटला सुमारे 11 सेंट पडतात. दहा वर्षांच्या नोंदी साठल्या, त्या कंपनीच्या खास साधनांवर कार्यालयाचं काम बेतलं गेलं, की स्पर्धक शेजारी असूनही माल हलत नाही. पूल करणाऱ्या मालकांना जे संगनमताने साधावं लागलं, ते इथे प्रत्येक कंपनीला एकटीने साधतं. युरोपच्या नव्या माहिती कायद्याचा दबाव आल्यावर 2024 च्या पहिल्या तिमाहीत गूगल, ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्टने कायमचं सोडून जाणाऱ्या ग्राहकांपुरतं हे शुल्क माफ केलं. 1925 प्रमाणे इथेही कायदा पुढे आल्यावरच फाटक उघडलं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मग सगळं आपल्याच मालकीचं का नको? सहकारी जिनांमागची प्रेरणा हीच होती आणि ती चुकीची नव्हती. पण यंत्राची मालकी मिळाली तरी हंगामाबाहेरचे रिकामे महिने, दुरुस्ती आणि कर्जाचे हप्ते सुटत नाहीत. विदर्भातले कितीतरी सहकारी जिन त्याच ओझ्याखाली बंद पडले. तालुक्याच्या कचेरीतल्या एकुलत्या सर्व्हरला तर वीज, वातानुकूलन आणि जाणकार माणूस तिन्ही लागतात. झरी-जामणी किंवा महागावात ती वर्षभर पुरवण्यापेक्षा ते काम दूरच्या केंद्रावर टाकणं शहाणपणाचं आहे. सातबारा मात्र निराळ्या तोलाने पाहावा. डिजिटल सहीचा उतारा आज 15 रुपयांत घरबसल्या मिळतो, ही मोठी सुधारणा आहे. त्यामागची नोंद पिढ्यान् पिढ्या टिकायची आहे आणि तिचा मालक शेतकरी आहे, यंत्र कुणाचंही असो. म्हणून अशा कामाच्या करारात बिलाचा तासागणिक तपशील, कुणालाही उघडता येईल अशा स्वरूपातली प्रत वेळोवेळी राज्याच्या स्वतःच्या केंद्रात येण्याची अट आणि सोडून जाण्याचा खर्च हे तिन्ही पहिल्या पानावर हवेत. सहकारी बँक असो की बाजार समिती, निविदा काढणाऱ्या प्रत्येक संस्थेने दर विचारण्याआधी हे विचारावं.